आपोआप लागणारं दार

"मेंटेनन्स भरतो तो कशासाठी? निदान आपोआप दार लागणारी लिफ्ट तरी द्या!" कॉम्प्लेक्सच्या बैठकीत कापडवाले शहा कडाडले आणि सगळ्या भाडेकरूंचे हात वर गेले. चौथ्या मजल्यावर एकटेच कवळ्या बनवत बसणाऱ्या बोंद्र्यांचा हात तेवढा खालीच राहिला.

"आहे ती लिफ्ट उत्तम आहे," ते पुटपुटले. "मेंटेनन्सचे पैसे तिच्यातच वसूल होतात." सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोंद्र्यांनी दोन कपांत चहा ओतला आणि बाहेर जाऊन लिफ्टचं जाळीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नसे. मग वॉचमन बिरूमामांना गेट सोडून चार मजले चढावे लागत. धापा टाकत ते आलेच.

"साहेब, आजबी दार उघडंच ठेवलंसा व्हय?"

"विसरलो बघा. आलाच आहात तर चहा घ्या."

दिवाळीनंतर नवी लिफ्ट आली. त्या दुपारीही बोंद्र्यांनी दोन कप भरले. लिफ्टचं दार ते हाताने अडवून उभे राहिले. हात अवघडला, तसा त्यांनी काढून घेतला. दार आवाज न करता लागलं आणि रिकामी लिफ्ट खाली गेली.