सीमेवरचा विमा

“गाडीच्या विम्याचं कार्ड आहे की तुमच्याकडे,” सीमेवरचा अधिकारी म्हणाला. “त्यावर मॅसेडोनियाचं नाव खोडलेलंही नाही, म्हणजे इथं चालतं. मग इथं पुन्हा विमा कशाला घेताय, काका?”

“घ्यायचाय,” त्रायको म्हणाला.

“स्वीडनमध्ये पैसे झाडाला लागतात वाटतं!” हिरवं कार्ड परत देताना अधिकाऱ्याची नजर त्याच्या वाढलेल्या दाढीवर गेली. त्याचा आवाज उतरला. “घरातलं कोणी?”

“बायको. आज अडतीस दिवस झाले.”

“देव त्यांना जवळ करो. गाडी त्या बाजूला लावा.”

घरातलं माणूस गेलं की पुरुषांनी चाळीस दिवस दाढीला हात लावायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. परवा चाळिसावा. गावच्या चर्चमध्ये मेन्काच्या नावानं शिजवलेला गहू वाटायचा होता.

दर जुलैत दोघं माल्मोहून गाडीनं गावी निघायची. तिसऱ्या दिवशी ही सीमा यायची आणि मेन्का उतरायची. “आपल्या कंपनीचा विमा इथं चालत नाही,” म्हणायची. कॉफी आणि विणलेले मोजे भरलेली पिशवी घेऊन जायची, ती अर्ध्या तासानं रिकामी पिशवी घेऊन परतायची.

“एवढा वेळ?” तो हॉर्नवरचा हात काढत विचारायचा.

“खिडकीतल्या माणसाला खूश ठेवावं लागतं. नाहीतर बस रांगेत सडत.”

“मी जातो पुढच्या खेपेला.”

“तू? तू भांडशील. बस गाडीतच.”

ती गेल्यावर तिच्या खणात एकोणीस हिरवी कार्डं सापडली. कंपनी दर वर्षी फुकट पाठवत होती आणि दर वर्षी ती कार्डं इथं चालली असती. पावाचा कालचा तुकडाही न टाकणारी बाई एकोणीस वर्षं नको तो विमा घेत होती. त्रायकोला काही उमगेना.

हॉस्पिटलात शेवटी ती म्हणाली होती, “विमा सीमेवरच घे. तिसरी खिडकी. हॉर्न वाजवत बसू नकोस, स्वतः जा.”

ती गोत्सेचं नाव काढेल, अशी त्याला धास्ती होती. गोत्से त्यांचा एकुलता मुलगा. अल्बेनियन मुलीशी लग्न केलं म्हणून त्रायकोनं त्याला दार बंद केलं होतं. तेव्हापासून घरात ते नाव निघालं नव्हतं. तिनंही काढलं नाही. मागितलं ते एवढंच. तेवढं तरी धड व्हायला हवं होतं.

तिसऱ्या खिडकीची काच दुधी होती. खाली छोटी पिशवी जाईल एवढी फट. मागं ट्रक घरघरत होते. त्रायकोनं गाडीचे कागद आत सरकवले.

आतल्या हातानं ते उचलले आणि तो तसाच थांबला. मग कागद बाजूला ठेवून लिहायला लागला. नाव, गाडीचा नंबर, माल्मोचा पत्ता.

“अहो, बघून तरी लिहा.”

“पाठ आहे,” आतून बसका आवाज आला.

“दर वर्षी माझी बायको यायची.”

“हो.”

“फार वेळ लावायची.”

त्रायकोनं मेन्काची पिशवी फटीतून ढकलली. “कॉफी आहे. मोजे एकच जोड, दुसरा विणायचा राहिला.”

हातानं पिशवी घेतली. मोज्यांवरून अंगठा फिरवला. मग अर्ज बाहेर आला. “सही इथं.”

सही करायला त्रायको वाकला, तेव्हा फटीतून त्या माणसाची हनुवटी दिसली. दाढी वाढलेली होती, त्याच्या स्वतःच्या दाढीएवढीच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं.

“तुमच्याकडेही कोणी गेलं?”

“आई.”

“फार दिवस झाले?”

शिक्का उचललेला होता. तो खाली आलाच नाही.

“आज अडतीस.”