चौघांचा फोटो

आई फाटकातून आत आली तेव्हा नितेश स्टुलावर उभा होता. भिंतीवरचा फोटो उतरवावा की राहू द्यावा, हे त्याचं अजून ठरत नव्हतं. दोन्ही हात फ्रेमवर होते. आई येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. नव्या घराच्या वास्तूचा निरोप त्याने गावातल्या पंचफुलाकाकूंच्या फोनवर दिला होता, तोही "आईले सांगजा" एवढाच. थोरल्या भावाला, देवानंदला, निरोप नव्हता. आणि थोरल्याला सोडून आई एकटी अकोल्याच्या एसटीत बसायची नाही, अशी त्याची खात्री होती.

फोटो तसा देखणा होता. बारा वर्षांपूर्वी खुशालरावांनी, म्हणजे नितेशच्या वडिलांनी, सगळ्यांना तेल्हाऱ्याहून अकोटला नेलं होतं आणि स्टुडिओत बसवून तो काढून घेतला होता. पुढे खुर्च्यांवर आई-बाबा, मागे दोघं भाऊ, त्यांच्यामागे निळा पडदा. पुढे वडील गेले. फोनमध्ये हजारांनी फोटो साठले, पण चौघं एकत्र असलेला, कागदावर छापलेला, एवढा एकच. नव्या घरासाठी नितेशने तो मोठा करून घेतला. मात्र भिंतीवर आले ते तिघंच.

कारण काय, तर धुऱ्यावरची, दोघांच्या शेतांमधल्या बांधावरची, एक बाभूळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवानंदने ती न विचारता तोडली. तेवढ्यावरून दोन शिकलेसवरलेले भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. नितेश त्या तणतणीतच फोटोवाल्या धर्मपालकडे गेला आणि भावाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा काढून टाक."

"वारले काय?" धर्मपालने विचारलं.

"नाही."

"मेलेल्या माणसाले फोटूत बसवाले लोक येतात माह्याकडं. जित्याले काढाले तुमीच पयले आले, साहेब."

तो हसत बोलला, पण नितेशचे कान तापले. तेव्हाच 'राहू दे' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. फोटो घरी आला, भिंतीवर लागला, आणि त्याच्याखाली बसून नितेशला चार दिवस धड घास गिळता आला नाही. बायको रागिणी एकदाच म्हणाली, "काढा तो." तर तिच्यावरच खेकसला. चूक केल्याची लाज होतीच. ती कबूल करायची लाज तिच्याहून मोठी होती.

आणि आता आई दारात होती.

एवढ्यात त्याला एक गोष्ट आठवली आणि जीव भांड्यात पडला. आईला दिसतं कुठे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटात कोणती भाजी आहे हे तिला वासावरून कळायचं. "अकोल्याले मोठ्या डॉक्टरकडं नेतो तुले," असं दोन वर्षं तोच म्हणत आला होता. आधी बांधकाम निघालं, मग ती बाभूळ आडवी आली, आणि पोळ्यापासून तर त्याने गावात पाऊलच टाकलं नव्हतं. जे डोळे आपण बरे करून आणायचे होते, ते बरे नाहीत म्हणून आपल्याला हायसं वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं. स्वतःचीच शिसारी आली. तरीही तो स्टुलावरून निवांत उतरला.

दारातल्या रांगोळीला वळसा घालून आई आत आली. पाहुणे मागच्या अंगणात जेवत होते. तिने घर पाहायला मागितलं नाही. सरळ भिंतीपाशी गेली.

"बाबाचा फोटू लावला काय?"

"हो आई. आपला अकोटचा."

"चौघायचा?"

"हो. चौघायचा."

"खाली घे बरं. हात लावून पायतो जरा."

त्याने फ्रेम उतरवून दिवाणावर ठेवली. आई शेजारी बसली. काचेवरून हात फिरवत म्हणाली, "देवानंद कुठी हाये, दाखव मले."

नितेशने तिचं बोट धरलं आणि बाबांच्या मागे, रिकाम्या निळ्या पडद्यावर टेकवलं. "हा इथं. माह्या बाजूले."

"हसून राहिला का?"

"हो. हसून राहिला."

"आन् आंगात काय हाये?"

"पांढरा शर्ट. बाबानं घेतलेला तो." एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "भांग पाडला हाये चांगला. खिशाले पेन हाये." स्वतःच काढून टाकलेल्या भावाला तो एकेक वस्तू परत देत होता. स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा गडू घेऊन आलेली रागिणी तिथेच थबकली आणि मान खाली घालून उभी राहिली.

आईने बोट उचललं. काचेवर, पडद्याच्या त्या निळ्या जागेवर, बोटाचा डाग पडला होता. तिने पदर घेतला आणि नेमका तेवढाच डाग पुसला. मग मान वर करून थेट नितेशकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा तिला दिसत असावा.

"आई, तुले..."

"दिवाळीतच झालं रे डोयाचं आपरेशन. देवानंदनं नेलतं अमरावतीले." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हटलं, नितेशले कयव. तं तोच म्हणे, नको सांगू, आई. तुले त्यालेच नेयाचं होतं, त्याच्या जीवाले लागन."