शेजारणीची भाकरी

रोमची जुनी चर्चं दाखवणाऱ्या आमच्या बसमध्ये मी सकाळपासून गप्पा हाणत होतो. पहिल्या चर्चपाशी सांगितलं, आमचा पोरगा सम्राट जर्मनीत मोठा इंजिनीअर हाय, ही ट्रीप त्यानंच काढून दिली. दुसऱ्या चर्चपाशी त्याचा बंगला बांधून झाला. तिसरं येईपर्यंत मी त्याला गोरी बायको करून दिली, आणि ती तांबडा रस्साही करायला शिकली. शाहूपुरीचं एक जोडपं आ वासून ऐकत होतं. माझी बायको अंबूबाई मात्र खिडकीबाहेर बघत बसली होती.

चौथ्या चर्चमध्ये मेरीचा संगमरवरी पुतळा होता. तिच्या मांडीवर तिचा मेलेला, हाताशी आलेला मुलगा. अंबूबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पिशवीतून कोडोलीहून आणलेली कडक भाकरी काढली आणि मेरीच्या पायाशी ठेवली.

"अहो काकी, इथं नैवेद्य चालत न्हाय," शाहूपुरीच्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"निवद न्हवं गं. पोर गेलेल्या घरात चूल पेटत न्हाय. शेजारणीनं भाकरी न्यायची असती."

तिनं त्याच भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडापुढं धरला.

"सम्राट वारला तवा दारात आलेल्या भाकरी तुम्ही परत धाडलासा. आता तरी खावा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी घास घेतला. भाकरी कडक होती, चावायला फार वेळ लागला.