तुटक्या पायाचं अक्षर

धैर्यशीलनं गाडीची डिकी उघडली आणि परत लावली. आक्कांचं दार समोरच होतं, पण पाय उचलेना.

डिकीत गोणपाटात गुंडाळलेला घरचा व्हाइस होता, काम करताना लोखंड घट्ट धरून ठेवणारा. जुना, अमेरिकन, उचलताना कंबर धरेल असा. याच्यापायीच त्याला नाद लागला होता. सुट्टीच्या दिवशी हातकणंगल्यापासून मलकापूरपर्यंत भंगारवाल्यांकडं तो असले व्हाइस हुडकत हिंडायचा. सापडला की रॉकेलनं गंज काढायचा, स्क्रू फिरवायचा, खिशातल्या पट्टीनं मापं घ्यायचा, मगच खरा मानायचा. घरच्या व्हाइसला मात्र त्यानं कधी पट्टी लावली नाही. तो आबांचा होता. शाळेत असताना तो सगळ्यांना सांगायचा, "आमच्यात अमेरिकेचा व्हाइस हाय." आबा ऐकून नुसते हसायचे.

आबा उद्यमनगरात सयाजीरावांच्या फौंड्रीत ओतकाम करायचे. लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून साच्याचा नमुना, पॅटर्न, मापापेक्षा मोठाच करावा; तयार वस्तूवरूनच साचा घेतला तर ओतलेली सूतभर कमी भरते, हे त्यांनीच पोराला शिकवलं होतं.

गेल्या रविवारी भंगारवाला पिराजी सहज बोलून गेला, "सयाजीरावांकडं असलाच हुता की. 'मेड इन यूएसए'मधल्या शेवटच्या 'A' अक्षराचा पाय हातोड्यानं उडालेला."

धैर्यशीलच्या घरच्या व्हाइसवर त्याच अक्षराचा तोच पाय तुटलेला होता.

घरी येऊन त्यानं सरळ विचारलं, "आबा, ह्यो सयाजीरावांचा हाय काय?"

"जुनं कशाला उकरतोस?" म्हणून आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ज्या बापाचा शब्द सगळं उद्यमनगर मानायचं, त्याची धैर्यशीलला लाज वाटली. तेव्हापासून त्याला घास गोड लागला नव्हता.

शेवटी त्यानं कडी वाजवली. सयाजीरावांच्या पत्नी, आक्का, बाहेर आल्या.

"आक्का, तुमची एक वस्तू आमच्यात ऱ्हायली हुती. आबांच्या वतीनं माफी मागतो."

आक्कांनी डिकीत वाकून बघितलं. मग त्याला शेजारच्या बंद कारखान्याचं शटर वर करायला लावलं. आत टेबलावर तसाच व्हाइस बसवलेला होता. तीच अक्षरं, तोच तुटका पाय.

"आमचा तर हितंच हाय की, पोरा. तुझ्या आबानं थोडं दिस मागून नेलता खरा. पुसून, तेल घालून परत आणून दिला."

धैर्यशीलच्या छातीवरचा धोंडा उतरला. बाप चोर नव्हता. डोळे पुसत तो हसला, आणि सवयीनं हात खिशातल्या पट्टीकडं गेला. आधी त्यानं आक्कांचा व्हाइस मापला. मग डिकीतला.

आबांचा अमेरिकन व्हाइस सूतभर कमी भरला.