पुढच्याचा हात

"हेल्मेटचा पट्टा नीट लावा," म्हातारीने जावयाला सांगितलं. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. तो चाकात हवा भरत होता.

"लावलाय, आई."

"आणि ह्यांच्या नादाला लागून जोरात हाणू नका. गुडघे गेलेत, मिजास तेवढी राहिलीय."

जावई हसल्यासारखा झाला. म्हातारा हसला नाही. दोघे निघाले.

लेक गेल्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सासरा-जावई एकत्र सायकलवर बसले नव्हते. आता म्हाताऱ्यानेच निरोप धाडला होता, की एकदा जुन्या रस्त्याने जाऊन येऊ. म्हातारीला वाटलं, नवऱ्याच्या मनातली अढी सुटली.

अढी सुटली नव्हती.

म्हाताऱ्याचा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला. घरात येईल त्याला त्याने रस्त्याची एक रीत शिकवली होती. चाकामागे चाक लावून जाताना मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून खड्डा आला, काच आली, की पुढच्याने हात खाली सोडून त्या बाजूला बोट दाखवायचं. मागच्याने "दिसलं" म्हणायचं आणि चाक वळवायचं. लेक हे चालायच्या वयात शिकली. जावई लग्नानंतर शिकला, आणि लेकीपेक्षा पक्का झाला.

त्या दिवशी किल्ल्याच्या उतारावर जावई पुढे होता, लेक मागे. रस्त्याला आडवा चर पडला होता. लेक त्यात गेली, ती उठलीच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात जावई एवढंच म्हणाला, "दाखवायचं विसरलो." पोलिसांना तेच सांगितलं, नातेवाइकांना तेच. लेकीच्या मावशीने तर चारचौघांत ऐकवलं, "जगाला चष्मे विकता, आणि बायकोला एक चर दाखवता आला नाही?" चष्म्याचं दुकान चालवणारा जावई खाली मान घालून उभा राहिला.

म्हाताऱ्याला सलत होतं ते वेगळंच. कित्येक महिने लेक माहेरी येऊन पडली होती, खोलीबाहेर येत नव्हती. त्या सकाळी आपणहून उठली, आईची वेणी घालून दिली, सायकल काढा म्हणाली. पोर माणसात आली म्हणून घर सुखावलं. आणि ह्या गृहस्थाने ती अशी घालवली.

त्याच रस्त्याने किल्ल्याच्या पुढे, नदीवरच्या जुन्या दगडी पुलाच्या उतारावर, गटारावरची लोखंडी जाळी कोणीतरी चोरून नेली होती. गडद सावलीतलं भोक. चाक अख्खं गिळेल असं. म्हाताऱ्याने ते एकटा येऊन पाहून ठेवलं होतं. उतारावर तो पुढे राहणार होता. भोक डाव्या कडेला होतं आणि जावई नेहमी त्याच्या चाकाच्या जरा डावीकडेच असायचा. करायचं काहीच नव्हतं. फक्त विसरायचं होतं.

कालव्याच्या काठाने जाताना जावई पुढे होता. दोन्हीकडे उंच झाडं, पाण्यात त्यांच्या सावल्या. पडकी पवनचक्की आली, गेली. बाग आली, तळं आलं. एके काळी म्हातारा इथे थांबून बदकं मोजायचा. आज ती बदकं आहेत एवढंच त्याला कळलं.

जावयाचा हात सारखा खाली येत होता. काच. "दिसलं." दगड. "दिसलं." वाळकी काटकी. "दिसलं."

काटकीलासुद्धा हात जातो, म्हातारा मनाशी म्हणाला. त्याला रागही आला नाही. दात काढल्यावर जीभ बधिर असते, तसं आत काहीतरी पडून होतं.

किल्ल्याच्या दरवाजाशी चढ संपला. तिथला पहारेकरी ओळखीचा होता.

"आजोबा, या वयात एवढा चढ?"

"चढायला वय लागत नाही," म्हातारा म्हणाला. "उतरायला लागतं."

पहारेकरी मोठ्याने हसला. जावई तटाकडे बघत पाणी प्याला.

"आता मी पुढे होतो," म्हातारा म्हणाला.

"व्हा ना. पण दमला असाल तर..."

"मागे लागून या."

लेक गेली ते वळण दोघांनी पार केलं. चर कधीच बुजवला होता. मग शेतं लागली, उतार वाढला, वारा कानात शिरला. मागे जावयाचं चाक अगदी जवळ फिरत होतं, त्याची घरघर म्हाताऱ्याला ऐकू येत होती. समोर पूल दिसला. झाडी आली. त्याने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

भोक आलं.

डावा हात सुटला आणि खाली गेला. बोट बरोबर त्या बाजूला.

"दिसलं!" मागून आवाज आला. चाक उजवीकडे सरकलं. दोघेही पुलावर आले.

पुलाच्या मध्यावर म्हाताऱ्याने ब्रेक दाबला. तो उतरला आणि कठड्याला टेकला. सायकल आडवी पडली. जावयाने ती उचलून उभी केली.

"काय झालं, बाबा? पाणी देऊ?"

"मी दाखवणार नव्हतो."

जावयाने मागे वळून त्या काळ्या भोकाकडे पाहिलं. चिडला नाही, दचकलाही नाही.

"मग दाखवलंत का?"

"मी कुठे दाखवलं?" म्हातारा आपल्या हाताकडे बघत म्हणाला. "धरून ठेवला होता. तरी गेला. आपसूक गेला."

खाली नदी वाहत होती. म्हाताऱ्याने हळूहळू मान वर केली.

"मग तुमचा कसा नाही गेला?"

जावयाने हेल्मेट काढलं आणि कठड्यावर ठेवलं.

"आईंना सांगू नका," तो म्हणाला. "माझाही गेला होता. ती 'दिसलं' म्हणाली होती."