पाच मिनिटे फाटकाबाहेर

सुज्ञ वाचकहो, परक्याच्या पोराला समज देणे म्हणजे विंचवाच्या बिळात हात घालणे होय. ते कार्य एका केशकर्तनकाराने एका सायंकाळी मोठ्या आत्मविश्वासाने कसे पार पाडिले, आणि त्यापायी त्यास स्वतःला कशावर पाणी सोडावे लागले, एवढेच ह्या कथेत सांगण्याचे योजिले आहे.

बागेतल्या घसरगुंडीच्या माथ्यावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आडवे पाय टाकून विराजमान झाली होती. फ्रॉकच्या झोळीत वाळू होती. जो शिडी चढे, त्याच्या मस्तकावर ती मूठभर वाळू ओती. खाली सहा-सात मुले खोळंबली होती, आणि त्यांचे पालक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते.

“तुम्ही बोला की,” एक बाई म्हणाल्या.

“परवा बोललो होतो,” चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. “तिची आई अंगावर आली. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणाली.”

केशकर्तनकार आजोबांचे बोट त्यांच्या चार वर्षांच्या नातीने, ठकीने, घट्ट धरले होते. सलग दोन दिवस ती न घसरताच घरी परतली होती, आणि आज फाटकातच म्हणाली होती, “मला घसरगुंडी आवडतच नाही.” हे वाक्य आजोबांच्या जिव्हारी लागले. कात्रीला भिऊन एकदा खुर्चीवरून उतरलेले पोर पुढे वर्षभर खुर्चीवर चढत नाही, हे त्यांना एकतीस वर्षांच्या अनुभवाने ज्ञात होते. आजचा दिवस गेला, की घसरगुंडी गेलीच.

परंतु ते शिडीकडे गेले नाहीत. प्रथम त्यांनी निरीक्षण केले. मुलगी मूठ भरी, कोपऱ्यातील बाकाकडे पाही, आणि मगच मूठ उघडी. बाकावर तिची आई बसली होती. दर वेळी आई म्हणे, “ए, मार खाशील हं,” आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घाली.

आजोबा सरळ बाकापाशी गेले.

“ताई, एक विनंती आहे. पाच मिनिटं फाटकाबाहेर उभ्या राहाल?”

आईने भुवया चढविल्या. “मी? मी काय केलंय?”

“काहीच नाही. माझं सलून आहे. पोर खुर्चीत थयथयाट करायला लागलं, की मी पोराला काही बोलत नाही. आईला दुकानाबाहेर पाठवतो. बघायला कोणी नसलं की नाटक पडतं.”

“म्हणजे माझी पोरगी नाटकी?”

“तुमचीच असं नाही हो. सगळ्यांचीच.”

“आणि तिला हात लावलात तर?”

“तर उद्या दुकानात या, आणि माझ्याच वस्तऱ्याने माझ्या मिशा उतरवा.”

आईने मिशांकडे पाहिले. मिशा भरघोस होत्या. हसू दाबीत ती उठली आणि फाटकाच्या खांबाआड जाऊन उभी राहिली.

मुलीने मूठ भरली व बाकाकडे पाहिले. बाक रिकामा होता. तिने झोक्यांकडे पाहिले, पाण्याच्या नळाकडे पाहिले. बोटांच्या फटींतून वाळू गळून गेली.

“आई कुठे गेली?”

“बाहेर उभी आहे. येईल,” घसरगुंडीपाशी येत आजोबा म्हणाले. “तुझं घसरून झालं?”

मुलीने घसरगुंडीच्या पत्र्याकडे पाहिले. “मी अजून घसरलेच नाही.”

“मग घसर की. किती वेळ ताटकळत बसलीयेस.”

मुलगी घसरली. खाली येताच, कोणी न सांगता, धावत जाऊन ती रांगेच्या शेवटी उभी राहिली.

“काका, जादू आहे की काय हातात?” चष्मेवाले गृहस्थ म्हणाले.

आजोबांनी मिशीवरून बोट फिरविले. “धंदा आहे.”

यथाक्रम ठकीची पाळी आली. ती सगळ्या पायऱ्या चढली, माथ्यावर बसली, आणि तिने दोन्ही बाजूंचे दांडे धरून ठेवले.

“मी नाही येणार.”

“ये गं राणी, मी आहे ना खाली.”

मागच्या मुलाने तिच्या खांद्याला हळूच बोट लावले. ठकीने आजोबांकडे पाहिले, आणि त्याला मागे कोपर हाणले.

“ठके, असं नाही करायचं हं.”

ठकीने पुन्हा आजोबांकडे पाहिले, आणि पुन्हा कोपर हाणले.

पालक पुनश्च एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. फाटकाच्या गजांतून आवाज आला. तो मोठा नव्हता.

“काका, इकडे जागा आहे.”

आजोबा जागच्या जागी थबकले. नातीची पहिली घसरण डोळे भरून पाहावी, म्हणून त्यांनी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दुकानास कुलूप लाविले होते. त्यांनी चष्मेवाल्या गृहस्थांना घसरगुंडीच्या पायथ्याशी उभे केले, आणि फाटकाबाहेर जाऊन त्या आईशेजारी, रस्त्याकडे तोंड करून ते उभे राहिले.

“आजोबा?” आतून रडवेली हाक आली.

आजोबांनी ओ दिली नाही. पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटे त्यांनी एकमेकांत आवळली.

आई मान वळवू लागली.

“बघू नका,” आजोबा म्हणाले.

“अहो, तुमची आहे ती.”

“म्हणूनच.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. मग पत्र्यावरून कापड घासत गेल्याचा आवाज आला, आणि वाळूत काहीतरी धपकन पडले. कोणी रडले नाही.

“तीच कशावरून?” आईने हळूच विचारले.

“पत्रा हलका वाजला,” आजोबा म्हणाले, आणि रस्त्याकडेच पाहत राहिले.

आपला अमूल्य वेळ ह्या कथेस दिलात, याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
बाइंडिंगवाले अण्णा