सहावा स्टड

सहावा स्टड काही केल्या हलत नव्हता. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि घराकडच्या दारातून हाक मारली, "अगं, जरा येतेस का इकडे?"

बायको ओले हात पुसत आली. चहाचा कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि परत फिरायचं, यापलीकडे वर्कशॉपशी तिचा कधी संबंध आला नव्हता.

"इथे उभी राहा. आणि ऐक."

"काय ऐकू?"

मिस्त्री घुटमळले. समोर एका जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं बिडाचं झाकण होतं. तसलं हेड आता शोधूनही मिळालं नसतं. त्यात गंजून बसलेल्या आट्यांच्या दांड्यांपैकी, म्हणजे स्टडांपैकी, चार सुखरूप निघाले होते. पाचवा सकाळी मुळाशी तुटला. तो कोरून काढता आला असता, पण सहाव्याच्या अगदी पाठीला इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट होती. हा तुटला, तर कोरताना भोक पडून अख्खं हेड भंगारात जाणार होतं.

"सुटताना स्टड बारीक किरकिरतो," ते म्हणाले. "किरकिरला की येतोय. गप्प राहून नुसताच फिरला, तर पिळवटतोय. तिथेच थांबायचं. मला आता दोन्ही सारखंच."

हे एवढं बोलायला मिस्त्रींना वर्ष लागलं होतं. जाड आवाज त्यांना कळायचे, जवळ येऊन कुणी बोललं तर तेही कळायचं. बारीक आवाज मात्र एकेक करून न सांगता निघून गेले होते. गिऱ्हाइकांपुढे नुसती मान डोलावून त्यांनी वेळ मारून नेली होती. कान गेलेल्या मिस्त्रीच्या हाती जुनी गाडी कोण देणार? आता बायकोपुढेही त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बेल वाजली की दर वेळी मीच उठते. हौस आहे का मला?"

त्यांनी गॅसची ज्योत स्टडभोवती फिरवली. बीड तापलं, तशी ज्योत बंद करून मेणबत्तीचं टोक आट्यांच्या मुळाशी टेकवलं. मेण वितळून आत ओढलं गेलं. आता थांबायचं होतं. मेणाचा गोडसर वास पसरला. खिडकीतून आलेल्या उन्हात धूर सावकाश वर चढत होता, आणि ती दोघं त्याच्याकडे पाहत डोळे जडावल्यासारखी उभी राहिली. घाई कसलीच नव्हती.

"गप्प झाला की खांदा दाब," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पाना लावला.

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आधी केसभर आवळून मग त्यांनी उलटा जोर दिला. खांद्यावरचा हात स्वस्थ होता. पाव फेरा झाला. हाताला सगळं मऊ, छान लागत होतं, आणि तेवढ्यात तिची बोटं खांद्यात रुतली. मिस्त्री जागच्या जागी थांबले. सकाळी याच मऊपणानं त्यांना फसवलं होतं. त्यांनी स्टड पुन्हा आवळला, पुन्हा तापवला, पुन्हा मेण पाजलं. असं चारदा झालं. पाचव्यांदा स्टड फिरत फिरत वर आला आणि अख्खाच्या अख्खा त्यांच्या हातात पडला.

मिस्त्रींच्या जिवात जीव आला. ते स्टुलावर बसले.

"कसा वाजला गं?"

"झोपेत कूस बदलताना तुम्ही कुरकुरता ना, तस्सा."

"मी झोपेत कुरकुरतो?"

"लग्न झाल्यापासून!"

ते हसले. मग हळूच म्हणाले, "आणखी काय वाजतंय?"

ती त्यांच्या कानाशी वाकली. "घरातला पंखा करकरतोय. वरचा पत्रा तापून टिकटिक करतोय. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेतंय, चाकाला काहीतरी घासतंय तिच्या. पलीकडे एक मुलगी शीळ घालायला शिकतेय, जमत नाहीये तिला."

मिस्त्री डोळे मिटून एकेक आवाज घेत होते. ती सांगत राहिली. ऊन टेबलावरून खाली उतरलं. मग पत्रा निवला, वीज जाऊन पंखा बंद झाला, सायकल लांब गेली, शीळ थांबली, आणि तीही गप्प झाली.

"आणि आता?"

"आता काहीच नाही."

"हां," मिस्त्री म्हणाले, "हे मलाही ऐकू येतंय."